इंदूरहून स्कीइंगला वारंवार जाणे सोपे कसे करता येईल?

रामबागवासी

नमस्कार मंडळी,

हिमालयात एकदा स्कीइंग करून आलेल्या आपल्या गावातील लोकांशी बोलताना एक गोष्ट नेहमी जाणवते. त्यातील बहुतेकांना पुन्हा जायचे असते आणि बहुतेक जण पुन्हा जात नाहीत. कारण विचारले की पैशाचे नाव पुढे येते. परंतु त्याच घरांतून दर वर्षी एखादी मोठी सहल किंवा तीर्थयात्रा पार पडत असते. माझ्या मते खरी अडचण अशी आहे की प्रत्येक वेळी सगळे पहिल्यापासून ठरवावे लागते. कोठे जायचे, कोणाबरोबर जायचे, रजा कधी मिळेल, गरम कपडे कोणाकडून मागायचे, बूट कोठून घ्यायचे, शिकवणारा कोण असेल, या प्रश्नांची उत्तरे शोधता शोधता मार्च उजाडतो आणि बर्फ वितळू लागते.

या खेळात खंड पडणे फार महाग पडते, कारण नवशिक्याचे शरीर शिकलेले लवकर विसरते. वर्षाआड जाणाऱ्याचे पहिले दोन दिवस तोल सावरण्यात आणि वेग आवरण्यात जातात आणि वळण जमू लागते तेव्हा परतीची गाडी उभी असते. एका मोठ्या सहलीपेक्षा एकाच हिवाळ्यात दोन छोट्या फेऱ्या केल्यास प्रगती अधिक होते, असे मला ठामपणे वाटते. म्हणून या धाग्यात चर्चा अशी व्हावी की इच्छा आणि प्रत्यक्ष निघणे यांमधील अंतर कसे कमी करता येईल.

माझ्यापुरते मी तीन गोष्टी निश्चित केल्या आहेत. पहिली म्हणजे ठिकाण बदलायचे नाही. दर वेळी नवे गाव पाहण्याचा मोह सोडला की राहण्याची जागा, प्रशिक्षक, सामान भाड्याने देणारा दुकानदार आणि नवशिक्यांचे उतार हे सारे ओळखीचे होते आणि एका फोनवर व्यवस्था लागते. प्रशिक्षकाला तर आपली जुनी खोड ठाऊक असते. वजन मागे टाकून बसण्याची माझी सवय त्याला पहिल्या सकाळी नव्याने शोधावी लागत नाही. दुसरी गोष्ट म्हणजे सामानाची एक पेटी माळ्यावर कायम भरलेली असते. लोकरीचे किंवा कृत्रिम धाग्याचे थर्मल, गुडघ्यापर्यंतचे पातळ मोजे, हातमोज्यांचे दोन जोड, गॉगल, हेल्मेट आणि उन्हापासून रक्षण करणारे मलम तिच्यात असते. परत आल्यावर सगळे धुऊन, पूर्ण वाळवून लगेच त्याच पेटीत जाते आणि घरच्या कोणत्याही कामासाठी ती उघडली जात नाही. सुती बनियन मात्र तिच्यात नसावेत, कारण घामाने ओले झालेले सूत थंडीत वाळत नाही आणि अंग गार पडते. तिसरी गोष्ट म्हणजे रजेचा अर्ज गणपतीच्या सुमारास देऊन टाकायचा. डिसेंबरात सगळ्यांनाच रजा हवी असते.

आपापले उपाय कृपया सविस्तर लिहावेत.

हिमवेध

रामबागवासी यांच्या मुख्य मुद्द्याशी मी सहमत आहे. मात्र रजा आधी ठरवण्याच्या सूचनेला एक पुरवणी जोडणे आवश्यक वाटते. आपल्याकडचे बर्फ पश्चिमी झंझावातांवर अवलंबून असते आणि ते वेळापत्रक पाळत नाहीत. जानेवारी २०२४ मध्ये गुलमर्गचे उतार जवळजवळ महिनाभर कोरडे होते आणि खरे बर्फ महिनाअखेरीस सुरू झाले. २०२५ मध्ये खेलो इंडिया हिवाळी स्पर्धांचा गुलमर्गमधील टप्पा फेब्रुवारीत ठरला होता. बर्फ पुरेसे नसल्याने तो पुढे ढकलावा लागला आणि ९ ते १२ मार्च या दिवसांत पार पडला. राष्ट्रीय पातळीवरील आयोजकांची ही स्थिती असेल, तर आपण एकच तारीख धरून बसणे धोक्याचे आहे.

काश्मीरमध्ये चिल्लई कलान हा कडाक्याच्या थंडीचा चाळीस दिवसांचा काळ २१ डिसेंबरपासून जानेवारीच्या अखेरपर्यंत असतो. त्यामुळे नाताळची सुट्टी ही स्कीइंगची सर्वोत्तम वेळ आहे असा समज आपल्याकडे पसरला आहे. प्रत्यक्षात डिसेंबरच्या अखेरीस थंडी भरपूर असली तरी बर्फाचा थर पुरेसा साठलेला असेलच असे नाही. शिवाय हॉटेलांचे दर आणि गर्दी दोन्ही शिगेला पोहोचलेली असतात. फेब्रुवारीचे पहिले दोन आठवडे मला सर्वांत भरवशाचे वाटतात. कार्यालयाला एक ऐवजी दोन पर्यायी आठवडे सांगून ठेवावेत आणि दोहोंपैकी कोणता घ्यायचा ते आठ-दहा दिवस आधी हवामान पाहून ठरवावे. अशी मुभा देणारे वरिष्ठ सर्वांना लाभत नाहीत, हे मला ठाऊक आहे. पण विचारून पाहण्यासारखे नक्कीच आहे.

ठिकाणाच्या बाबतीत उंचीला महत्त्व द्यावे. गुलमर्ग सुमारे २,६५० मीटरवर आहे आणि गंडोलाचा, म्हणजे तेथील रज्जुमार्गाचा, दुसरा टप्पा अफरवत शिखराच्या अंगाने जवळजवळ ३,९५० मीटरपर्यंत नेतो. त्यामुळे खाली बर्फ पातळ असले तरी वर काही ना काही मिळते. मनालीजवळच्या सोलंगचे उतार त्या मानाने खाली, अडीच हजार मीटरच्या आसपास आहेत आणि कमी बर्फाच्या वर्षी तेथे निराशा पदरी पडते. उत्तराखंडातील औलीचा उतार सुंदर आहे, परंतु त्याच्या पायथ्याचे जोशीमठ खचू लागल्यावर जानेवारी २०२३ मध्ये तेथील रज्जुमार्ग बंद करण्यात आला आणि ऋषिकेशपासून पुढचा सुमारे अडीचशे किलोमीटरचा घाटरस्ता एक पूर्ण दिवस खातो. जाण्यायेण्याचे दोन दिवस वाढले की वर्षातली दुसरी फेरी आपोआप रद्द होते.

वहीपेन

मी शाळेत शिकवते आणि मला दोन मुले आहेत, त्यामुळे माझी अडचण आपल्या सर्वांपेक्षा वेगळी आहे. फेब्रुवारीचे पहिले दोन आठवडे उत्तम आहेत असे आपण लिहिता. दहावी-बारावीच्या घरात ते आठवडे परीक्षेचे असतात आणि लहान वर्गांची वार्षिक परीक्षा मार्चमध्ये येते. बर्फाचा हंगाम आणि अभ्यासाचा हंगाम आपल्या देशात एकमेकांवर बरोबर चढून बसले आहेत. आम्ही यातून काढलेला मार्ग असा, की मुलांसह जाणे सव्वीस जानेवारीच्या आसपास ठेवायचे आणि त्या वेळी उंच उतारांचा हट्ट न धरता गुलमर्गच्या मैदानातील सौम्य उतारांवरच सराव करायचा. तेथे बर्फाचा जाड थर लागत नाही आणि गंडोलाच्या रांगेतही थांबावे लागत नाही. आम्हा दोघांपैकी एकाने दुसरी फेरी एकट्याने किंवा मैत्रिणींबरोबर करायची आणि दुसऱ्याने घर सांभाळायचे, पुढच्या वर्षी पाळी बदलायची, असेही आम्ही ठरवले आहे. सगळे कुटुंब एकत्र निघाले तरच निघायचे, हा आग्रह सुटल्यापासून आमचे जाणे निश्चितच वाढले.

महूकर

प्रवासाबद्दल कोणी अजून लिहिले नाही, म्हणून मी लिहितो. माझ्या दृष्टीने गेल्या काही वर्षांतील सर्वांत मोठा बदल तेथेच झाला आहे. मालवा एक्सप्रेस महूहून सुटते आणि इंदूर, उज्जैन, भोपाळ, ग्वाल्हेर, दिल्ली करीत थेट कटऱ्याला जाते. पूर्वी जम्मूला उतरून पुढे बनिहालच्या घाटात रस्ता उघडण्याची वाट पाहावी लागत असे आणि बर्फ किंवा दरडींमुळे कधी कधी तेथेच दोन दिवस जात. ६ जून २०२५ रोजी कटरा ते श्रीनगर वंदे भारत गाडीचे उद्घाटन झाल्यापासून तो घाट रेल्वेने सुमारे तीन तासांत पार होतो. चिनाब नदीवरील ३५९ मीटर उंचीचा पूल याच मार्गावर आहे. कटऱ्यात गाडी बदलावी लागते आणि मालवा दुपार उलटल्यावर पोहोचत असल्याने तेथे एक रात्र धरूनच बेत आखावा. श्रीनगरहून गुलमर्ग पन्नासेक किलोमीटर आहे. तंगमर्गपासूनच्या शेवटच्या चढावर बर्फ असल्यास चाकांना साखळ्या लावलेलीच गाडी लागते, म्हणून टॅक्सी ठरवताना हे आधीच विचारून घ्यावे.

रेल्वेचा माझ्या लेखी मोठा लाभ म्हणजे सामान. विमानात वजनाचा हिशेब आणि श्रीनगरच्या धुक्यात उड्डाण रद्द होण्याची धास्ती, या दोन्हींतून सुटका होते. ज्यांना वेळ कमी आहे त्यांनी जाताना दिल्लीमार्गे विमान आणि येताना रेल्वे असा मेळ घालावा. परतीच्या प्रवासात थकलेल्या पायांना झोपून येणे मानवते. आरक्षण आता ६० दिवस आधी उघडते. म्हणजे फेब्रुवारीच्या पहिल्या आठवड्यात निघायचे असेल, तर डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात तिकीट काढावे लागेल. हिमवेध म्हणतात तसे दोन आठवडे राखून ठेवायचे असतील तर दोन्हींची तिकिटे काढून एक रद्द करावे. वेळेत रद्द केल्यास कापली जाणारी रक्कम एकूण खर्चाच्या मानाने किरकोळ असते.

प्रश्नकर्ती

बूट स्वतःचे घ्यावेत की भाड्याचेच वापरावेत? आणि बूट घ्यायचे तर मग स्कीसुद्धा का घेऊ नयेत? दोन्ही मुद्द्यांवर जाणकारांनी कृपया लिहावे.

रामबागवासी

प्रश्नकर्ती ताई, हा विषय माझ्या जिव्हाळ्याचा असल्याने जरा सविस्तर लिहितो.

स्की भाड्यानेच घ्याव्यात. त्या लांब आणि जड असतात, प्रवासात अडचण करतात, त्यांच्या पोलादी कडा आपल्या पावसाळ्यात गंजतात, त्यांना मेण लावणे आणि कडा घासणे यांची व्यवस्था इंदुरात नाही आणि ताज्या भुसभुशीत बर्फावर रुंद तर कडक बर्फावर अरुंद स्की लागत असल्याने जागेवर निवड करणेच हिताचे ठरते. बूट मात्र शक्य तितक्या लवकर स्वतःचे असावेत. पायाने दिलेला प्रत्येक इशारा बुटातूनच स्कीपर्यंत पोहोचतो. भाड्याचे बूट अनेक पायांनी आतून सैल झालेले असतात. मग पाय आत हलू नये म्हणून मनुष्य मोठ्या ताकदीने बकल आवळतो, पोटऱ्या बधिर होतात आणि दुपारपर्यंत दिवस संपतो. अनेकांनी हा खेळ सोडला त्याचे कारण थंडी किंवा भीती नव्हती, दुखणारे पाय होते, असे माझे निरीक्षण आहे.

माप सेंटिमीटरमध्ये असते, म्हणजे पावलाची लांबी साडेसव्वीस असेल तर बुटाचे मापही तेच. आतील मऊ अस्तर बाहेर काढून रिकाम्या कवचात पाय घालावा, बोटे पुढे टेकवावीत आणि टाचेमागे किती जागा उरते ते पाहावे. दीड-दोन सेंटिमीटरच्या आसपास असावी. दुकानात पहिल्यांदा घातलेला योग्य बूट घट्टच वाटतो, कारण वापराने अस्तर दबते. मोजा एकच आणि पातळ असावा; दोन मोज्यांनी पाय गरम राहण्याऐवजी रक्तप्रवाह अडतो. परदेशातील नातेवाइकाकडून अंदाजाने बूट मागवू नयेत, हे मी आग्रहाने सांगेन. स्वतः पाय घालून, अर्धा तास त्यात उभे राहूनच ते घ्यावेत, मग त्यासाठी एक हंगाम थांबावे लागले तरी चालेल.

बुटाच्या टाचेजवळ तळव्याची लांबी मिलिमीटरमध्ये कोरलेली असते. ती, आपली उंची, वजन, वय आणि कौशल्याची पातळी एका चिठ्ठीवर लिहून पेटीत ठेवावी. पडल्यावर पाय सुटावा म्हणून बाइंडिंगचा, म्हणजे बूट स्कीला धरून ठेवणाऱ्या पकडीचा, जो ताण ठेवतात तो याच आकड्यांवरून ठरतो आणि दुकानदाराने न विचारता स्क्रू फिरवला तर आपण होऊन ही चिठ्ठी पुढे करावी. अनुभवी असल्याचा आव आणून ताण वाढवून घेऊ नये. पडल्यावर जी स्की सुटत नाही, ती गुडघा पिळवटते. रात्री बूट खोलीत बुखारीपासून, म्हणजे खोली तापवणाऱ्या शेगडीपासून, थोडे दूर ठेवावेत. थंड जागेत राहिलेले प्लॅस्टिक सकाळी इतके ताठ होते की पाय आत जात नाही आणि फार जवळ ठेवल्यास अस्तर खराब होते.

चढउतार

मी व्यायाम शिकवतो, त्यामुळे माझा मुद्दा शरीराचा आहे. दुसऱ्या फेरीचा बेत अनेकदा मोडतो, कारण पहिल्या फेरीनंतर आठवडाभर जिने उतरता येत नाहीत. स्कीइंगमध्ये मांडीचा पुढचा स्नायू ताणला जात असतानाच भार पेलत असतो आणि मैदानी प्रदेशातल्या आपल्या चालण्यात त्याला ही सवय नसते. चढण्याने दम वाढतो, उतरण्याने ही विशिष्ट ताकद येते. म्हणून रालामंडळच्या टेकडीवर जाणाऱ्यांनी चढून झाल्यावर उतरताना सावकाश, गुडघे किंचित वाकवून, पावलावर ताबा ठेवून उतरावे. वेळ असेल त्या रविवारी महूजवळच्या जानापावला जावे. घरी भिंतीला पाठ लावून खुर्चीत बसल्यासारखे थांबणे, एका पायावर उभे राहून दात घासणे आणि पायरीवरून एकेक पाय हळूहळू खाली टेकवणे, एवढे केले तरी फरक जाणवतो. निघण्यापूर्वी किमान आठ आठवडे सुरुवात करावी, म्हणजे साधारण दिवाळी आटोपताच.

एका रांगेतील चाकांचे स्केट ज्यांना जमतात त्यांनी ते अवश्य चालू ठेवावेत. वळताना बाहेरच्या पायावर भार टाकणे आणि कडेवर झुकणे या दोन्ही गोष्टी त्यातून अंगवळणी पडतात. गुडघ्याचे आणि मनगटाचे रक्षक घालून, सपाट आणि मोकळ्या जागीच सराव करावा.

कान्हतीर

आमच्या गटाने थोडा निराळा मार्ग धरला आहे आणि तो सर्वांना पटेलच असे नाही. वर्षातील एक फेरी आम्ही कझाकस्तानातील अल्माटीला करतो. दिल्लीहून थेट विमान आहे आणि भारतीय पारपत्रधारकांना तेथे १४ दिवसांपर्यंत व्हिसा लागत नाही. शिंबुलाकचे उतार शहरापासून सुमारे पंचवीस किलोमीटरवर आहेत. वाटेवरच्या मेदेऊहून केबल गाडीत बसले की सुमारे २,२६० मीटरवरच्या तळापासून ३,२०० मीटरपर्यंत आखलेल्या, यंत्राने सारख्या केलेल्या उतारांवर दिवसभर वरखाली करता येते. हिमालयासारखी भव्यता तेथे नाही. परंतु लिफ्टच्या रांगेत जाणारा वेळ वाचतो आणि एका दिवसात गुलमर्गच्या दुपटीने उतार घडतात, हा आमचा अनुभव आहे. राहायचे शहरातच असल्याने मुक्कामाचा खर्च आवाक्यात राहतो. विमान मात्र महिने आधी काढावे लागते, त्यामुळे हवामान पाहून ठरवण्याची मुभा येथे नाही.

हिमवेध

कान्हतीर यांचे म्हणणे सरावाच्या दृष्टीने योग्य आहे. तरीही नवशिक्यांनी सुरुवात भारतातील शासकीय संस्थांच्या अभ्यासक्रमापासून करावी, असे मी सुचवेन. गुलमर्गची भारतीय स्कीइंग व गिर्यारोहण संस्था, पहलगामची जवाहर संस्था आणि मनालीची अटल बिहारी वाजपेयी संस्था यांचे अभ्यासक्रम हिवाळ्यात होतात. पहलगाम आणि मनालीच्या शुल्कात राहणे, जेवण आणि साहित्य धरलेले असते, म्हणून दिवसाचा खर्च खाजगी सहलीपेक्षा बराच कमी पडतो. दोन आठवडे सलग शिकल्याने पाया पक्का होतो आणि त्यानंतर चार दिवसांची फेरीसुद्धा सार्थकी लागते. पाया कच्चा असताना केलेल्या छोट्या फेऱ्या त्या मानाने वाया जातात.

वारंवार जाणाऱ्यांना एक गंभीर सूचनाही द्यावीशी वाटते. सवय झाली की मनुष्य गंडोलाच्या दुसऱ्या टप्प्यावरून आखलेल्या मार्गाबाहेर उतरू पाहतो. फेब्रुवारी २०२३ मध्ये अफरवतच्या उतारावर झालेल्या हिमस्खलनात पोलंडचे दोन जण दगावले आणि फेब्रुवारी २०२४ मध्ये खिलनमर्गजवळ रशियाचा एक जण दगावला. हे नवखे पर्यटक नव्हते, स्कीइंगसाठीच आलेले लोक होते. मार्गाबाहेर जायचे तर संकेतयंत्र (बर्फाखाली गाडलेल्याचा ठावठिकाणा सांगणारे), शोधकाठी आणि फावडे प्रत्येकाजवळ हवे, ते वापरण्याचा सराव हवा आणि स्थानिक वाटाड्या सोबत हवा, कारण गाडला गेलेला मनुष्य बहुधा पहिल्या दहा-पंधरा मिनिटांतच, तेही सोबत्यांच्या हातूनच वाचतो. ताज्या बर्फानंतर वरचा टप्पा बंद ठेवला असेल तर त्याबद्दल कुरकुर न करता खाली सराव करावा. प्रवासविमा काढताना हिवाळी खेळ त्यात समाविष्ट आहेत का, हे वाचून पाहावे. अनेक विम्यांत ते वगळलेले असतात.

वहीपेन

एक शेवटचा प्रश्न विचारते. माझे वडील अठ्ठावन्न वर्षांचे आहेत, रोज सकाळी नेहरू स्टेडियमला फिरायला जातात आणि नातवंडांबरोबर स्की शिकण्याची त्यांची फार इच्छा आहे. या वयात सुरुवात करणे योग्य ठरेल का? ते आले तर मुलांजवळ कोणी तरी राहील आणि आम्हा दोघांनाही एकाच फेरीत सराव करता येईल.

चढउतार

ताई, बाबांना अवश्य न्यावे. निघण्यापूर्वी रक्तदाब, हृदय आणि गुडघे डॉक्टरांकडून तपासून घ्यावेत आणि हाडांच्या विरळपणाची शंका असल्यास तीही तपासणी करावी. २,६५० मीटर उंचीवर पहिला दिवस त्यांनी केवळ चालण्यात आणि पाणी पिण्यात घालवावा. दुसऱ्या दिवसापासून त्यांच्यासाठी स्वतंत्र प्रशिक्षक घ्यावा, कारण मुले ज्या वेगाने शिकतात त्या वेगाची बरोबरी करण्याच्या भरात मोठी माणसे पडतात. सकाळचे दोन तास पुरेसे आहेत. स्कीची टोके जवळ आणून टाचा फाकवून थांबणे आणि कुशीवर पडून नीट उठणे, ही दोन कौशल्ये पक्की होईपर्यंत त्यांना लिफ्टवर चढवू नये. व्यायामाचा आठ आठवड्यांचा तक्ता मी तुम्हाला वेगळ्या संदेशात पाठवतो. पायऱ्या उतरण्याचा भाग त्यांच्यासाठी कठडा धरून करायचा आहे, एवढे लक्षात ठेवावे.